मोगरा वसंतात भरघोस फुलण्यासाठी: ताणापासून दुसऱ्या बहरापर्यंतचा क्रम

मार्च उजाडला की घरच्या बागेतील मोगऱ्याबद्दल एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. झाड हिरवेगार आहे, पाने टपोरी आहेत, हातभर लांब फुटवेही आले आहेत, मात्र कळीचा पत्ता नाही. मग त्याच झाडाला आणखी शेणखत घातले जाते, पेंडीचे पाणी दिले जाते, आणि पाने तेवढी अधिक वाढतात. बहुतेक वेळा चूक खतात किंवा रोपात नसते, ती क्रमात असते. मोगऱ्याला कळ्या येतात त्या चालू हंगामात फुटलेल्या कोवळ्या फुटव्यांच्या टोकाला. त्यामुळे चैत्रात ओंजळ भरेल की नाही, हे पौष-माघात झाडाला विश्रांती मिळाली का, त्याची छाटणी वेळेवर झाली का आणि त्यानंतर त्याला काय मिळाले, यांवर ठरते. ताण, छाटणी, माती, पाणी आणि खत या गोष्टी याच क्रमाने झाल्या पाहिजेत. यांतील एक जरी पुढेमागे झाली, तरी बाकीची मेहनत पानांत जाते.

पुढील क्रम बटमोगरा, हजारी मोगरा, मदनबाण आणि वेली मोगरा या सर्वांना लागू आहे.

## सुरुवातीपूर्वी: झाड आणि जागा तपासून घ्या

पहिली तपासणी झाडाच्या वयाची करावी. रोपवाटिकेतून गेल्या सहा-आठ महिन्यांत आणलेल्या लहान रोपाला पुढे सांगितलेला ताण आणि खोल छाटणी देऊ नये. अशा रोपाचे शेंडे फक्त बोटभर खुडावेत, म्हणजे ते बाजूने फुटते. रोप अजून मूळच्या लाल चिकण मातीच्या गोळ्यातच असेल, तर तो गोळा बादलीभर पाण्यात भिजवून, माती आपोआप सुटू देऊन सावकाश सैल करावा. घट्ट गोळा तसाच कुंडीत बसवला तर पाणी त्याच्या बाजूने वाहून जाते आणि मुळांपाशी माती कोरडीच राहते. पुष्कळ रोपे पहिल्या उन्हाळ्यात मरतात ती याच कारणाने.

दुसरी तपासणी उन्हाची करावी. मोगऱ्याला किमान सहा तास थेट ऊन हवे. चार तासांत तो जगतो आणि थोडाफार फुलतो, पण बहर म्हणावा असे काही घडत नाही. येथे बाल्कनीत बाग करणारे एका गोष्टीत फसतात. जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेकडील बाल्कनीत ऊन पार आतल्या भिंतीपर्यंत पोहोचते. एप्रिल-मेपर्यंत मात्र महाराष्ट्रात सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर येतो, मुंबई-पुण्याकडे मेच्या मध्यावर तर थेट डोक्यावर, आणि वरच्या मजल्याची स्लॅब तेच ऊन अडवते. थंडीत ऊन पाहून भिंतीजवळ ठेवलेली कुंडी कळीच्या दिवसांत सावलीत जाते. म्हणून कुंडीची जागा ठरवताना ती कठड्याच्या शक्य तितकी जवळ, जमल्यास कठड्याच्या उंचीवर घ्यावी, आणि हे स्थलांतर छाटणीच्या वेळीच उरकावे.

तिसरी गोष्ट हत्यारांची. धारदार छाटणीची कात्री, खुरपे, स्पिरिट किंवा सॅनिटायझरने भिजवलेला कापड आणि जाड कापांवर लावण्यासाठी बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप) एवढे पुरते. बोथट कात्रीने फांदी चेचली जाते आणि चेचलेल्या जागेतून ती खाली वाळत येते.

सावधान: हेच वेळापत्रक बागेतील सर्व सुवासिक फुलझाडांना लावू नका. कुंद थंडीतच फुलतो, म्हणून त्याची छाटणी त्याचा बहर संपल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये करावी. अनंताच्या कळ्या आधीच्या फांद्यांवर बऱ्याच अगोदर धरलेल्या असतात. जानेवारीत मोगऱ्याबरोबर अनंतही छाटला, तर त्या वर्षीची फुले कात्रीखाली जातात. त्याला फुले येऊन गेल्यानंतरच हात लावावा.

## टप्पा १: पाणी तोडून ताण देणे

ताण म्हणजे झाडाला मारणे नव्हे, त्याची वाढ थांबवणे. पाणी कमी झाले की नवी पालवी थांबते, फांद्या पक्व होतात आणि पानांतील अन्न फांद्यांत साठते. छाटणीनंतर एकदम आणि जोमाने येणारे फुटवे या साठ्यावरच येतात. भर वाढीत असलेले झाड तसेच छाटले, तर फुटवे मागेपुढे, विरळ येतात आणि बहर एकत्र मिळत नाही.

ताण कधी द्यायचा हे हवामानावर ठरते. कोकणपट्टीत आणि मुंबईकडे थंडी सौम्य असल्याने डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुरुवात करता येते. पुणे, नाशिक, सातारा या बाजूला जानेवारीचा पहिला आठवडा योग्य ठरतो. विदर्भात जानेवारीतील रात्री बऱ्याच थंड असतात आणि छाटणीनंतर फुटणारी पालवी त्या थंडीत अडून बसते, म्हणून तेथे जानेवारीच्या मध्यानंतर पाणी तोडून छाटणी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात करावी.

किती दिवस, हे मातीवर ठरते. कुंडीत पाच ते आठ दिवस पुरतात. जमिनीतील झाडाला मुरमाड मातीत दहा-बारा दिवस आणि काळ्या भारी मातीत पंधरा ते वीस दिवस लागतात, कारण वरून भेगा पडल्या तरी खाली ओल टिकून असते. जमिनीतील जुन्या झाडाच्या बुंध्याभोवतीची माती चार-सहा बोटे उकरून वरची मुळे दोन-तीन दिवस उघडी ठेवण्याची पद्धत उपयोगी आहे. कुंडीत मात्र ती करू नये, कारण तेथे मुळांना खोलवर आसरा नसतो.

तपासणी: पाने मलूल होऊन खाली झुकली, जुनी पाने पिवळी पडून गळू लागली, पण नखाने खरवडल्यावर फांदीच्या सालीखाली हिरवे दिसते आहे, तर ताण पुरेसा झाला. सालीखाली तपकिरी दिसले तर ताण अति झाला. अशा वेळी ताबडतोब हलके पाणी द्यावे आणि फक्त वाळलेला भाग काढावा.

सावधान: ताणाच्या काळात कोणतेही खत देऊ नका. कोरड्या मातीत खताचा क्षार मुळांना भाजतो. याच काळात अवकाळी पाऊस झाला, तर ताण मोडला असे समजून आणखी चार-पाच दिवस थांबावे आणि मग छाटणी करावी.

## टप्पा २: छाटणी

सर्वाधिक झाडे येथे बिघडतात, आणि बिघडतात ती भीतीमुळे. हिरवी फांदी कापताना हात अडखळतो, मग केवळ शेंडे खुडले जातात. तसे केल्याने फुटवे टोकाकडच्या बारीक काड्यांवर येतात, त्या काड्या जोमदार कळी पोसू शकत नाहीत आणि झाड वर्षागणिक खालून उघडे पडत जाते. दोन वर्षांहून जुन्या, निरोगी मोगऱ्याची उंची निम्म्यावर आणली तरी तो उत्तम फुटतो. जमिनीतील जोमदार झुडूप सुमारे दीड फुटावर आणता येते, तर बारा इंची कुंडीतील झाड नऊ ते बारा इंचांवर. वेली मोगऱ्याचे मुख्य वेल मांडवावर तसेच ठेवून त्यांच्या बाजूच्या फांद्या दोन-तीन पेरांवर कापाव्यात.

कापण्याचाही क्रम आहे. आधी वाळलेल्या आणि रोगट फांद्या बुंध्यापासून काढाव्यात. नंतर एकमेकींवर घासणाऱ्या आणि झुडपाच्या मध्याकडे वळलेल्या फांद्या काढून आत ऊन व हवा खेळेल अशी मोकळीक करावी. त्यानंतरच उरलेल्या फांद्यांची उंची कमी करावी. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी वरून सरसकट सपाट कापले, तर चांगल्या फांद्या आखूड होतात आणि निकामी फांद्या आत लपून राहतात.

प्रत्येक काप बाहेरच्या दिशेला असलेल्या पानांच्या जोडीच्या वर, साधारण पाव इंच सोडून द्यावा. त्याहून लांब खुंट सोडला तर तो वाळतो, आणि अगदी डोळ्याला (नवा फुटवा निघतो त्या जागेला) चिकटून कापले तर डोळाच मरतो. एका झाडाकडून दुसऱ्याकडे जाताना कात्रीची पाती पुसून घ्यावीत. करंगळीहून जाड कापांवर बोर्डो पेस्ट लावावी. शेवटी फांद्यांवर उरलेली जुनी पाने देठाजवळ हलकेच खुडून टाकावीत. पाने राहिली तर डोळे उशिरा आणि मागेपुढे फुटतात, शिवाय जुन्या पानांच्या मागे लपलेले कोळी (रस शोषणारी बारीक कीड) व पांढरी माशी नव्या पालवीवर उतरतात.

तपासणी: छाटणी संपल्यावर झाडावर पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, हिरवट-तपकिरी, निरोगी फांद्या मोकळ्या उभ्या दिसल्या पाहिजेत. दोरीसारख्या बारीक काड्यांचे जाळे अजून दिसत असेल, तर काम अर्धे झाले आहे.

सावधान: फेब्रुवारीच्या मध्यानंतर ही खोल छाटणी करू नका. वेळ निघून गेली असेल तर फक्त वाळलेले भाग आणि शेंडे काढावेत, या वर्षी मिळेल तेवढा बहर घ्यावा आणि पुढच्या थंडीत नीट छाटणी करावी. मार्चमध्ये खोल छाटलेल्या झाडाची कोवळी पालवी थेट कडक उन्हात सापडते आणि मुख्य बहर हातचा जातो.

## टप्पा ३: माती आणि मुळे

छाटणीनंतर दोन-तीन दिवसांत, पाणी सुरू करण्यापूर्वी, मातीचे काम करावे. दोन वर्षे एकाच कुंडीत असलेला मोगरा बाहेर काढल्यास मुळांची गुंडाळी झालेली आढळते. या गोळ्याच्या बाजूने आणि तळातून एक ते दीड इंच थर धारदार चाकूने कापून काढावा आणि झाड त्याच कुंडीत नव्या मातीत बसवावे. फांद्या कमी केलेल्या असल्याने हा मुळांचा घाव झाड सोसू शकते. पानांनी भरलेल्या झाडाची मुळे कापली, तर मात्र ते कोमेजते. मातीचे काम छाटणीच्या नंतरच करायचे ते यासाठी.

मिश्रणात चार भाग पोयट्याची किंवा लाल माती, तीन भाग पूर्ण कुजलेले शेणखत अथवा गांडूळखत, दोन भाग कोकोपीट आणि एक भाग जाड वाळू घ्यावी. बारा इंची कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड आणि दोन मोठे चमचे हाडांचा चुरा मिसळावा. कुंडी बारा इंचांहून लहान नसावी. निचऱ्याची भोके खापरीच्या वक्र तुकड्याने झाकावीत, बुजवू नयेत. यंदा कुंडी बदलायची नसेल, तर वरची दोन-तीन इंच माती काढून तेथे हेच मिश्रण भरावे. जमिनीतील झाडाला आळे करून आठ-दहा किलो कुजलेले शेणखत आणि पाव किलो निंबोळी पेंड मातीत मिसळून द्यावी.

चुलीची किंवा लाकडाची राख घालण्याची अनेकांना सवय आहे, कारण तिच्यात पालाश (पोटॅश) असते. परंतु राख मातीचा विम्ल (अल्कधर्मी) गुण वाढवते. देशावरच्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत, किंवा जेथे बोअरवेलचे जड पाणी दिले जाते तेथे, राखेमुळे मोगऱ्याला लोह मिळेनासे होते. नवी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, हे त्याचे स्पष्ट लक्षण. अशा मातीत राख पूर्णपणे टाळावी. लक्षण दिसलेच तर फेरस सल्फेट लिटरला दोन-तीन ग्रॅम घेऊन, संध्याकाळी, आठवड्याच्या अंतराने दोन-तीन वेळा फवारावे.

## टप्पा ४: पाणी पुन्हा सुरू करणे आणि खताचा पहिला हप्ता

पहिले पाणी भरपूर द्यावे, कुंडीच्या तळातून निथळेपर्यंत. त्यानंतर मात्र लगेच रोज पाणी देण्याचा मोह आवरावा. या वेळी झाडावर पाने नसतात, त्यामुळे पाणी खर्च होत नाही आणि सततच्या ओलीत कापलेली मुळे कुजतात. वरची इंचभर माती बोटाला कोरडी लागली की पुढचे पाणी, असा नियम पालवी पूर्ण उघडेपर्यंत पाळावा. कुंडी बदललेली असल्यास पाच-सहा दिवस ती विरळ सावलीत ठेवून मग उन्हात न्यावी.

डोळे फुगून पालवीचे हिरवे टोक दिसले की खताचा पहिला हप्ता द्यावा, त्याआधी नाही. शेंगदाणा किंवा मोहरीची पेंड तीन दिवस भिजवून, तिचे पाणी दहापट पातळ करून, कुंडीमागे अर्धा लिटर एकदा द्यावे. विद्राव्य खत वापरणाऱ्यांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेले) लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात घ्यावे. पेंडीचे पाणी दर आठवड्याला देत राहणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. त्यातील नत्राने पाने गर्द होतात, फुटवे लांबतात आणि कळी मागे पडते. तमिळनाडू कृषी विद्यापीठाची मोगऱ्यासाठीची शिफारस प्रत्येक झाडाला वर्षाला ६० ग्रॅम नत्र आणि प्रत्येकी १२० ग्रॅम स्फुरद व पालाश अशी आहे. ही मात्रा शेतातील झाडासाठी आहे, कुंडीसाठी नाही, पण नत्राच्या दुप्पट स्फुरद व पालाश हे तिचे प्रमाण घरच्या बागेतही लक्षात ठेवावे.

## टप्पा ५: पालवी ते कळी

छाटणीपासून कळी दिसेपर्यंत साधारण दीड ते दोन महिने जातात. फुटव्यांवर पानांच्या चार-पाच जोड्या आल्या की नत्र थांबवून ०:५२:३४ हे फक्त स्फुरद व पालाश असलेले विद्राव्य खत लिटरला दोन ग्रॅम घेऊन पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा द्यावे. सेंद्रिय पद्धतीने बाग करणाऱ्यांना या वेळी वेगळे काही घालण्याची गरज नसते. माती भरताना मिसळलेला हाडांचा चुरा सावकाश लागू पडतो, आणि तो छाटणीच्या वेळीच घालायचा तो त्यासाठीच. एखादा फुटवा इतरांच्या दुप्पट लांब आणि बिनकळीचा वाढत असेल, तर त्याचा शेंडा खुडावा.

कळ्या टोकाला बहुधा तिनाच्या झुपक्यात दिसू लागल्या की दोन पथ्ये पाळायची असतात. पहिले, कुंडीची जागा बदलू नये. दुसरे, मातीची ओल एकसारखी ठेवावी. एक दिवस कडकडीत कोरडी आणि दुसऱ्या दिवशी चिखल, अशा हेलकाव्यात कळ्या गळतात. गच्चीवरील कुंड्यांना मार्चअखेरपासून सकाळ-संध्याकाळ पाणी लागते. तापलेल्या कुंडीत भर दुपारी पाणी देऊ नये. मातीवर वाळलेल्या पानांचे किंवा नारळाच्या सोडणाचे दोन इंच आच्छादन घालावे. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिलनंतर दुपारच्या उन्हासाठी ३५ ते ५० टक्क्यांची शेडनेट बांधावी, परंतु सकाळचे ऊन अडवू नये.

कीड ओळखण्यात घाई करू नये, कारण उपाय वेगवेगळे आहेत. कळीला बारीक भोक आहे आणि आत विष्ठा दिसते, तर ती कळी पोखरणारी अळी. कळी बुडाशी फुगून जांभळट होते आणि न उमलताच सुकते, तर ते कळीमाशीचे काम. या माशीच्या अळ्या मातीत पडून कोषात जातात, म्हणून केवळ फवारून भागत नाही. झाडावरच्या आणि खाली पडलेल्या सर्व बाधित कळ्या रोज वेचून पिशवीत बंद करून टाकाव्यात, वरची माती हलकी खुरपून तिच्यात निंबोळी पेंड मिसळावी. पाने धुळकट, फिकट ठिपक्यांची आणि मागे बारीक जाळी असेल, तर लाल कोळी आहे. त्याला कोरडी हवा मानवते, म्हणून सकाळी पानांच्या मागच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारणे हा पहिला उपाय.

निंबोळी तेल लिटरला पाच मिलि, थोड्या साबणाच्या पाण्यात घोळवून, संध्याकाळी फवारावे आणि उमललेल्या फुलांवर ते पडू देऊ नये.

सावधान: कोळ्यासाठी पाण्यात मिसळणारे गंधक वापरायचे असल्यास, तेलाच्या फवारणीनंतर किमान दोन आठवडे जाऊ द्यावेत आणि तापमान ३५ अंशांच्या वर असताना ते फवारू नये. दोन्ही एकत्र आल्यास किंवा उष्णतेत फवारल्यास पाने करपतात.

## टप्पा ६: तोडणी आणि दुसरा बहर

पूर्ण वाढलेली, पांढरी शुभ्र कळी उतरत्या उन्हात तोडावी. ती त्याच रात्री घरात उमलते. झुपक्यातील मधली कळी आधी तयार होते, म्हणून संपूर्ण झुपका न खुडता एकेक कळी नखाने देठासह काढावी. देवाला किंवा गजऱ्याला नको असली तरी फुले झाडावर सुकू देऊ नयेत, कारण सुकलेल्या फुलांमुळे पुढचे फुटवे लांबणीवर पडतात.

पहिला बहर ओसरला की अनेकजण झाडाकडे पाठ फिरवतात आणि हाताशी आलेला दुसरा बहर गमावतात. फुले येऊन गेलेला प्रत्येक फुटवा झुपक्याखालच्या पानांच्या दोन जोड्यांसह कापावा. या वेळी ताण द्यायचा नाही आणि जुन्या फांदीला हात लावायचा नाही. कापल्यावर दोन मुठी गांडूळखत आणि भरपूर पाणी दिले की पाच-सहा आठवड्यांत पुन्हा कळी येते. एप्रिलच्या मध्यापर्यंत ही हलकी छाटणी झाली, तर दुसरा बहर पावसापूर्वी पूर्ण मिळतो.

तपासणी: हलक्या छाटणीनंतर येणारे फुटवे आखूड आणि जवळजवळ पेरांचे असावेत. लांब पेरांचे, फिकट फुटवे दिसले तर कुंडीवर पुन्हा सावली आली आहे का, हे आधी पाहावे. खताचा विचार त्यानंतर करावा.

## टप्पा ७: पावसाळा

जूनमध्ये कुंडीखालची ताटली काढून कुंडी विटांवर उचलून ठेवावी आणि आच्छादन बाजूला करावे. खते बंद ठेवावीत. निब्बर फांदीची वीतभर लांबीची, तीन-चार पेरांची काडी, खालचा काप पेराच्या लगेच खाली घेऊन, वाळू आणि कोकोपीटच्या सारख्या मिश्रणात लावायला हाच काळ उत्तम. वरची दोन पाने निम्मी कापून ठेवावीत आणि काडी विरळ सावलीत, ओल टिकवून ठेवावी. या नव्या रोपांना येत्या जानेवारीत ताण देऊ नये, त्यांचे फक्त शेंडे खुडावेत.